चोकची दांडी तापली तेव्हा

माझ्या सासऱ्यांशी माझं पहिलं खरंखुरं बोलणं झालं ते एका बंद पडलेल्या गाडीवरून. लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवायचा आणि त्यांनी ‘हं’ म्हणायचं, एवढंच आमचं बोलणं. ते रागीट नव्हते. पण उंचपुरे, अबोल, आणि सारा जन्म कारखान्यात माणसांवर देखरेख करण्यात गेलेला, त्यामुळे त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपलं काहीतरी चुकलंय असंच वाटायचं. मी वर्ध्याची, घरात धाकटी आणि बडबडी. जबलपूरला निघताना आईनं बजावलं होतं की सासऱ्यांपुढे तोंड आवरून राहा. मी आवरलं होतं.

आमचं घर मदन महल स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. मामाजी, म्हणजे माझे सासरे, संरक्षण खात्याच्या कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगच्या कामावर होते. साध्या कारागिरापासून चढत चढत ते त्या विभागाचे मुख्य झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्याला वर्षही झालं नव्हतं तोच एकाहत्तरची लढाई सुरू झाली. कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या. माझे यजमानही तिथेच होते. ते सकाळी डबा घेऊन जायचे, अंधार पडल्यावर यायचे आणि जेवता जेवता पेंगायचे. मामाजींना घरी बसवेना. एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून ते कारखान्याच्या गेटवर गेले आणि मला परत कामावर घ्या म्हणाले. तिथल्या डॉक्टरनं त्यांना भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मामाजींना अक्षरं सोडा, तक्ता कुठे टांगलाय तेही दिसेना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. घरी येऊन त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला. त्याच महिन्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

त्या काळी हे ऑपरेशन म्हणजे शिक्षाच होती. दहा दिवस दवाखान्यात उताणं पडून राहायचं, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. घरी आल्यावरही महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, जोरात खोकायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही. उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि डाव्याला फक्त उजेड कुठून येतो तेवढं कळायचं. समोरच्या खोलीत, खिडकीखाली, मामाजी असे पडून असायचे. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. लढाई तोवर थांबली होती, आपण जिंकलो होतो, सगळं गाव खुशीत होतं. मामाजी मात्र बातमी ऐकून ‘हं’ म्हणायचे.

लढाई थांबली तरी लष्करी इस्पितळात जखमी येतच होते. आमच्या मराठी महिला मंडळानं ठरवलं होतं की आठवड्यातून चार दिवस तिथे जायचं. कुणी संत्री सोलून द्यायची, कुणी मफलर विणायची. माझं अक्षर बरं, म्हणून माझ्याकडे पत्रं लिहिण्याचं काम आलं. जायला यायला एका ठेकेदारानं मंडळाला त्याची जुनी स्टेशन वॅगन वापरायला दिली होती, ड्रायव्हरसकट. वॅगन मागच्या महायुद्धाच्या डिस्पोजलमधली, म्हणजे लष्करानं काढून विकलेली. ब्लॅकआउटच्या दिवसांत तिचे दिवे अर्धे काळे केले होते आणि आम्ही बायकांनी तिला हातांनी मातकट रंग फासला होता. ड्रायव्हर भैया गोहलपूरचा, पन्नाशीचा, मिशीला मेंदी लावणारा. गाडी चालवावी तर त्यानं. पण गाडीनं काही कुरकूर केली की तो लगेच तिच्या आजाराचं नाव सांगून मोकळा व्हायचा.

जानेवारीत वॅगन सेल्फ घेईना. किल्ली फिरवून बटण दाबलं की कर्र असा एक दमलेला आवाज यायचा, नाहीतर नुसतं टक. धक्का मारला की मात्र लगेच सुरू व्हायची आणि मग दिवसभर झकास चालायची. म्हणून आठ दिवस आम्ही धक्का मारत होतो. सात-आठ बायका, सगळ्यांचे पदर खोचलेले, पुढे वॅगन. समोरच्या घरातली माणसं ती वेळ साधून बाहेर येऊन उभी राहायची. इस्पितळात तर आणखीच मजा. परतायची वेळ झाली की कुबड्यांवरचे जवान फाटकाशी येऊन थांबायचे, आम्हीपण धक्का मारणार म्हणायचे, आणि नर्स त्यांना रागावून आत न्यायची. एक पाय प्लास्टरमध्ये असलेला एक सरदारजी एकदा बाकावर बसूनच हातानं वॅगन ढकलल्याचा अभिनय करत राहिला आणि वॅगन सुरू झाली तेव्हा त्यानं घामही पुसला.

पण मंडळाच्या अध्यक्षीणबाई वयस्कर होत्या, त्यांनी सांगितलं की हे पुरे झालं, गाडी दुरुस्त करा. भैयानं बॅटरी गेली असं सांगितलं. ओळखीतून दुसरी बॅटरी आणून लावली, फरक पडला नाही. मग भैया म्हणाला सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटरच, गेली. गोहलपूरहून त्याचा मिस्त्री आला. त्यानं सेल्फ उतरवला, उघडला, साफ केला, परत बसवला. गाडी पुन्हा टक. मिस्त्रीनं बल्ब लावून विजेची अर्थही पाहिली. म्हणजे एक तार बॅटरीच्या एका टोकाला, दुसरी इंजिनाला. बल्ब चांगला लागला. अर्थ ठीक आहे म्हणून त्यानं हात झटकले. हे सगळं आमच्या घरासमोर चाललं होतं, कारण सकाळी वॅगन सगळ्यात आधी आमच्याकडे यायची आणि तिथेच ती हटून बसली होती.

त्या दिवशी सकाळी थंडी खूप होती. भैया सेल्फ मारून पाहत होता आणि मी शेजारच्या सीटवर बसून चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी मूठ, ओढून धरला होता. त्या वॅगनचा चोक आपोआप बाहेर राहायचा नाही, कुणीतरी धरावा लागायचा. भैयानं चार-पाच वेळा लागोपाठ बटण दाबलं. माझं बोट मुठीवरून घसरून आतल्या लोखंडी दांडीला लागलं आणि चटका बसला. चांगलाच. मी उतरून घरात पळाले आणि तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं.

मामाजी जागे होते. भांड्याचा आवाज ऐकून त्यांनी काय झालं विचारलं. मी म्हटलं, बोट भाजलं. चुलीशी काय करून राहिली होती, असं त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं मी स्वयंपाकघरात होते. मी म्हटलं, चुलीशी नाही मामाजी, गाडीत भाजलं, चोकच्या दांडीला.

मामाजींनी उशीवरची मान अगदी हळू, वाळूच्या पिशव्या अजून शेजारी असल्यासारखी, माझ्याकडे वळवली.

“चोकची दांडी काहून तापली?”

मला काय ठाऊक. मी म्हटलं, माहीत नाही. यावर ते चिडतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, बरं झालं माहीत नाही. आता नीट आठवून सांग. दांडी आधीपासून गरम होती का सेल्फ मारल्यावर झाली? मी सांगितलं, आधी थंडगार होती, म्हणून तर मी पदरानं धरत होते. सेल्फ मारता मारता तापली. आणि जळक्या ग्रीसचा वास आला. धूर? थोडासा, डॅशबोर्डच्या मागून. मामाजींच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. मग त्यांनी मला सांगितलं की बाहेर जा, भैयाला दिवे लावायला सांग, दिवे लागलेले असतानाच सेल्फ मारायला सांग, आणि दिवे मंद होतात का ते तू पाहा. त्याला विचारू नको. तू पाहा.

मी गेले. वॅगनच्या पुढे उभी राहिले. अर्धे काळे केलेले दिवे, सकाळचं ऊन, त्यामुळे हाताचा आडोसा करून पाहावं लागलं. भैयानं बटण दाबलं, टक झालं, दिवे होते तसेच. पुन्हा दाबलं. तसेच. भैया म्हणाला, “बहूजी, मैं बोल रहा हूँ ना, ये बैटरी भी कमजोर है।” मी आत येऊन मामाजींना सांगितलं की दिवे जराही मंद होत नाहीत, आणि भैया म्हणतो ही बॅटरीही कमजोर आहे.

“बॅटरी कमजोर असती तर सेल्फ मारल्याबरोबर दिवे डोळे मिटते,” मामाजी म्हणाले. “तो काय असेल ते सांगून राहिला. तू काय दिसलं ते सांगते. मला तेच पाहिजे.”

आठ महिन्यांत ते माझ्याशी एवढी लांब वाक्यं बोलले नव्हते. मी पलंगाच्या कडेला बसलेच. मग त्यांनी मला समजावलं, आणि इतकं सोपं करून समजावलं की आजही मला ते तसंच्या तसं सांगता येतं. बॅटरीतून वीज मोठ्या तारेनं सेल्फला जाते. सेल्फ इंजिनावर बसलेला. तिथून तिला परत बॅटरीला यायचं असतं, आणि परत यायची वाट म्हणजे इंजिनापासून चेसिसपर्यंत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, जोडलेली तांब्याची विणलेली पट्टी, जिला अर्थ म्हणतात. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे पट्टी तुटली तर वाट बंद. मग वीज दुसरी वाट शोधते. चोकची तार इंजिनाला जोडलेली असते आणि तिचं दुसरं टोक डॅशबोर्डला, म्हणजे बॉडीला. सेल्फ ओढतो शेकडो अँपिअर आणि ते सगळे त्या सुतळीएवढ्या तारेतून जायला पाहतात. ती तापणार नाही तर काय. मी विचारलं, मग मिस्त्रीचा बल्ब कसा लागला? मामाजींना हा प्रश्न फार आवडला, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. ते म्हणाले, बल्बला वीज लागते चिमूटभर. तेवढी चोकच्या तारेतूनही आरामात येते. गल्लीतून सायकल जाते म्हणून ट्रक जाईल असं नसतं.

यानंतर मामाजी म्हणाले की मला बाहेर न्या. घरात एकच गोंधळ झाला. आत्याबाई, माझ्या सासूबाई, कणकेच्या हातांनी बाहेर आल्या आणि त्यांनी साफ सांगितलं की डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे आणि गाडीपाशी गेल्यावर तुम्ही वाकल्याशिवाय राहणार नाही, मी तुम्हाला चाळीस वर्षं ओळखते. बरीच घासाघीस होऊन ठरलं ते असं : व्हरांड्यात हाताची खुर्ची ठेवायची, मामाजींनी तिच्यात बसायचं, पाठ टेकलेली सोडायची नाही. आत्याबाईंनी खुर्चीच्या पाठीला त्यांचं उपरणं छातीवरून घेऊन बांधून टाकलं. मामाजींनी बांधून घेतलं. समोरच्या घरातली मंडळी नेहमीच्या वेळेला बाहेर आली होती, त्यांनी हे सगळं पाहिलं.

मामाजींची लोखंडी पेटी मी ओढत व्हरांड्यात आणली आणि त्यांच्या हाताशी स्टुलावर ठेवली. त्यांनी न पाहता हात घालून टेस्ट लॅम्प काढला. एक छोटा बल्ब, त्याला दोन लांब तारा, टोकांना चिमटे. त्यांनी मला सांगितलं की एक चिमटा इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लाव, रंगावर नको, आणि दुसरा बॅटरीची जी तार चेसिसला जाते त्या टोकाला. मी लावला. बल्ब लागला नाही. मी तसं ओरडून सांगितलं. मामाजी म्हणाले, लागायला नकोच. दोन्ही बाजू एकच असल्या तर लागेल कशाला. आता भैयाला सेल्फ मारायला सांग.

भैयानं बटण दाबलं. टक झालं, आणि माझ्या हातातला बल्ब पिवळा लागला. बटण सोडलं, विझला. पुन्हा दाबलं, लागला.

मी मामाजींना सांगितलं. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि मान मागे टेकली. जो बल्ब लागायला नको तो लागला होता. इंजिन आणि चेसिस यांच्यामधली वाट मोडली होती आणि ते आता नक्की झालं होतं. भैया गाडीतून उतरून आला. मी त्याच्या हातात बल्ब दिला आणि स्वतः आत बसून बटण दाबलं. त्यानं तीनदा दाबायला लावलं. तिसऱ्यांदा तो पाहत राहिला आणि व्हरांड्याकडे वळून म्हणाला, “बाबूजी, मान गए।”

आता पट्टी पाहायला हवी होती. ती गिअरबॉक्सच्या बाजूला, खालच्या अंगाला असते, वरून दिसत नाही. भैयाची कंबर थंडीनं धरलेली, त्याला वॅगनखाली सरकता येईना. मामाजी बांधलेले. मी म्हटलं, मी जाते. मी आत्याबाईंकडे पाहायचं टाळलं. नवी सून, भर सकाळी, रस्त्यावर, गाडीखाली. आत्याबाई आत गेल्या. मला वाटलं, झालं. पण त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात मामाजींची खाकी डांगरी होती, कारखान्यातली, धुऊन घडी घालून ठेवलेली. ती मला देत म्हणाल्या की साडीला ग्रीस लागलं तर निघत नाही.

मी डांगरी घातली. बाह्या चारदा दुमडल्या, पाय पाचदा. पोतं अंथरून पाठीवर सरकत वॅगनखाली गेले. खाली ऑइलचा, मातीचा आणि जुन्या रंगाचा वास होता. मामाजी व्हरांड्यातून विचारत होते आणि मी खालून उत्तरं देत होते. डाव्या बाजूला मोठा गोल भाग दिसतो का? दिसतो. त्याच्यावर एक बोल्ट, त्यातून वेणीसारखी पट्टी निघालेली? आहे. कशी दिसते? मी म्हटलं, चिखलानं भरलेली, पण अख्खी दिसते. मामाजी म्हणाले, दिसण्यावर जाऊ नको, धरून हलव. मी धरून हलवली. इंजिनाकडचं टोक घट्ट होतं. चेसिसकडचं टोक मात्र माझ्या बोटांत चुरलं. काळी राख झाली होती. वरचा चिखल पुसला तर आतली वेणी कोळशासारखी जळलेली, तीन-चार तारांवर लोंबकळत होती. मी मोठ्यानं सांगितलं की जळली आहे, चेसिसकडची बाजू पूर्ण जळली आहे. वर भैयानं टाळी वाजवल्याचा आवाज आला.

मामाजींनी विचारलं की बोल्टखाली काय आहे, लोखंड की काही और? मी नखानं खरवडलं. बोल्टखाली, पट्टीच्या आणि चेसिसच्या मध्ये, मातकट रंगाचा जाड थर होता. त्यावर ब्रशच्या केसांच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

तेव्हा मला आठवलं. ब्लॅकआउटच्या आठवड्यात भैयानं क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवला होता, तेव्हा ही पट्टीही सोडली असणार. आणि त्याच दिवसांत आम्ही बायका वॅगन रंगवत होतो. अध्यक्षीणबाई म्हणाल्या होत्या की काम करायचं तर पूर्ण करायचं, खालचा भागही सोडायचा नाही. खाली सरकण्याइतकी बारीक मीच होते. चेसिसच्या त्या दांडीला, जिथे हात पोचेल तिथे, ब्रश मी फिरवला होता. भैयानं मग ओल्या रंगावरच बोल्ट कसला. रंगामुळे पट्टी लोखंडाला नीट चिकटलीच नाही, सेल्फच्या दर धक्क्याला तापत गेली, आणि महिनाभरात जळून गेली.

मी बाहेर सरकले आणि मामाजींसमोर उभी राहून खरं ते सांगितलं. म्हटलं, हा रंग मीच लावला होता.

मामाजींचं तोंड आधी गंभीर होतं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसू दाबत होते, कारण हसायला मनाई होती, आणि दाबल्यामुळे ते आणखीच येत होतं. आत्याबाई घाबरून म्हणाल्या की अहो हसू नका, टाका तुटेल, आणि असं म्हणता म्हणता त्याच खुर्चीला धरून हसायला लागल्या. भैया, मी, समोरच्या घरातली माणसं, सगळेच. मामाजी पट्टीच्या डोळ्यावर तळहात धरून, दात घट्ट मिटून, नाकानं हसत होते. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

नवी पट्टी आणायला भैया सायकलवर गोहलपूरला गेला. तोवर मामाजींनी पेटीतून बॅटरीची एक जुनी जाड तार काढून दिली आणि ती इंजिनाला आणि चेसिसला, रंग खरवडलेल्या जागी, दोन चिमट्यांनी जोडायला लावली. म्हणाले, पट्टी येईपर्यंत काहून थांबायचं, खात्री करून घेऊ. बटण मीच दाबलं. सेल्फ असा जोरात फिरला की मी दचकून पाय वर घेतले. वॅगन एका झटक्यात सुरू झाली. मामाजींनी डोळे मिटून तो आवाज ऐकला आणि बराच वेळ बंद करू दिला नाही.

दुपारपर्यंत नवी पट्टी बसली. चेसिसची जागा मी आधी सुरीनं, मग पॉलिश पेपरनं घासली, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. मामाजींनी मला तीन वेळा विचारलं, चमकते का? तिसऱ्यांदा मी चमकते म्हटल्यावर बोल्ट कसू दिला. तीन वाजता आम्ही सगळ्या जणी वॅगनमध्ये बसून, धक्का न मारता, इस्पितळात गेलो. परतताना फाटकाशी वॅगन ढकलायला टपलेले जवान हिरमुसले.

त्या वॉर्डात साताऱ्याकडचा एक जवान होता. दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. त्याची पत्रं मीच लिहायची, पण ती दोन ओळींच्या पुढे जायची नाहीत. मी ठीक आहे, काळजी नसावी, एवढंच तो सांगायचा आणि तोंड भिंतीकडे करायचा. तो फौजेत गाड्यांचा फिटर होता, हे त्याच्या पलंगावरच्या कागदावरून मला माहीत होतं. त्या दिवशी मी त्याला म्हटलं की आज आमच्या वॅगनची गंमत झाली. सेल्फ घेत नव्हती, बॅटरी बदलली, सेल्फ उघडला, तरी नाही. त्यानं मान वळवली नाही. मी म्हटलं, आणि माझं बोट चोकच्या दांडीला भाजलं.

त्यानं मान वळवली. “दिवे मंद होत होते का, ताई?”

मी म्हटलं, नाही. तो उठून बसायला लागला. नर्सनं येऊन पाठीला उशी दिली. तो म्हणाला, अर्थ गेली होती. चेसिसकडची बाजू. मी म्हटलं, चेसिसकडचीच. खाली रंग होता का? मी म्हटलं, होता, आणि तो मीच लावला होता. तो इतका हसला की शेजारच्या दोन पलंगांवरच्या जवानांनी काय झालं विचारलं, आणि त्यानं त्यांना सगळं हिंदीत पुन्हा सांगितलं, माझ्यापेक्षा जास्त रंगवून. त्या दिवशी त्याचं पत्र चार पानांचं झालं. त्यात वॅगन होती, मी होते, मामाजी होते, आणि शेवटी त्यानं आईला विचारलं होतं की म्हैस व्याली का.

निघताना त्यानं मामाजींना निरोप दिला. बोल्टखाली दातेरी वॉशर टाकला आहे का, आणि वरून ग्रीस लावलं का? मी घरी येऊन सांगितलं. मामाजी म्हणाले, वॉशर टाकला, ग्रीस राहिलं, पोरगा हुशार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मला ग्रीस लावायला लावलं आणि उलट एक प्रश्न पाठवला, थंडीत डायनॅमो बॅटरी कमी चार्ज करत असेल तर आधी काय पाहशील? त्याचं उत्तर आलं, सोबत नवा प्रश्न आला. असं महिनाभर चाललं. दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. मधली मी. प्रश्न पोचवायचा म्हणजे तो आधी आपल्याला कळायला हवा, म्हणून मामाजी मला तो कागदावर बोटानं रेघा मारून समजावायचे. आता ते मला सूनबाई म्हणत नव्हते, पोरी म्हणत होते.

फेब्रुवारीत मामाजींच्या डोळ्यावरची पट्टी निघाली आणि जाड भिंगांचा चष्मा आला. चष्मा लावून त्यांनी पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तू बरीच लहान आहेस की. पुढच्या खेपेला ते आमच्याबरोबर इस्पितळात आले. साताऱ्याच्या जवानाचं एक बँडेज निघालं होतं. दोघं भेटल्यावर काय बोलतील याची मला फार उत्सुकता होती. त्यांनी नमस्कार-चमत्कारही केले नाहीत. मामाजी पलंगाशी स्टूल ओढून बसले आणि अपुऱ्या राहिलेल्या प्रश्नापासूनच सुरुवात केली. दोन तासांनी मला त्यांना हाताला धरून उठवावं लागलं.

पुढे तो जवान बरा होऊन गेला. उजव्या हाताची दोन बोटं नीट वळत नव्हती, तरी त्याला वर्कशॉपमध्येच काम मिळालं. त्याचं पत्र मामाजींच्या नावानं यायचं, वेड्यावाकड्या अक्षरात, त्याचं स्वतःच्या हाताचं. मामाजी ते मला वाचू द्यायचे नाहीत. चष्मा पुसून, पत्र नाकाजवळ धरून, स्वतः वाचायचे.

मंडळातल्या बायकांनी मात्र मामाजींना सोडलं नाही. आठवड्यातून एकदा दुपारी आमच्या व्हरांड्यात त्यांचा वर्ग भरू लागला. सहा बायका, मध्ये मामाजी, पुढ्यात उघडलेला जुना डायनॅमो. अध्यक्षीणबाई चष्मा लावून टिपणं घ्यायच्या. आत्याबाई वर्गात बसायच्या नाहीत, दारातून ऐकायच्या, आणि कुणी चुकीचं उत्तर दिलं की आतून बरोबर उत्तर यायचं. चाळीस वर्षं जेवणाच्या पाटावर त्यांनी तेच ऐकलं होतं.

मला गाडी चालवायला भैयानं शिकवलं. तो म्हणाला, बहूजी, गाडीच्या पोटात शिरून आलात, आता हँडल धरायला काय हरकत आहे. मार्च सुरू व्हायच्या आत, मटारचा हंगाम संपत आला तेव्हा, इस्पितळातल्या जेवणासाठी शहपुऱ्याहून मटार आणायचे होते. वॅगन मी चालवली. भैया शेजारी, मागे मामाजी आणि आत्याबाई. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मटाराची शेतं होती. मामाजींना नव्या चष्म्यातून दूरचंही दिसत होतं आणि ते प्रत्येक शेताचा हिशोब सांगत होते, इथे फुलं आहेत, इथे शेंगा भरल्या, इथली तोडणी झाली. शेतकऱ्यानं चार पोती भरून दिली आणि मूठभर शेंगा वर टाकल्या. परत येताना आत्याबाईंनी पदरात शेंगा घेऊन सोलायला सुरुवात केली आणि मागून एकेक दाणा माझ्या तोंडात भरवत राहिल्या, कारण माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.